मूळ फोन कुठाय?

सकाळी सहा

कोर्टाचं काम अकराला सुरू होतं, पक्षकारांचं रात्री अकराला. दिवसभर रानात, मार्केट यार्डात नाहीतर कारखान्याच्या काट्यावर असलेला माणूस जेवून आडवा होतो, ग्रुप उघडतो, आणि त्यातलं काही मनाला लागलं की त्याच रात्री वकिलाला पाठवून देतो. पहाटे मला ते एकगठ्ठा मिळतं. आज कुकडीच्या आवर्तनावरून पाणीवापर संस्थेच्या चेअरमनला दिलेल्या शिव्या आहेत, सोसायटीच्या निवडणुकीतलं एक जुनं भाषण आहे, आणि एक स्क्रीनशॉट असा की त्याचा वरचा भागच कापलेला. कोण कुणाला म्हणतंय तेच कळत नाही. सगळ्यांच्या खाली एकच ओळ: ‘मॅडम, यावर काय करता येईल?’

एक पोलिसांची नोटीसही आहे. गणपती तोंडावर आले की ग्रुपच्या ॲडमिनना नोटिसा निघतात, आक्षेपार्ह मजकूर आला तर तुम्हाला जबाबदार धरू म्हणून. आधी तिच्यावर फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १४९ असायचं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं १६८ असतं. हा ॲडमिन भजनी मंडळाचा आहे. काकड्याची वेळ कळवण्यापलीकडे त्याने ग्रुपवर कधी काही टाकलेलं नाही, आणि रात्रभर त्याला झोप नाही. त्याला कळवते की गोंदिया जिल्ह्यातल्या एका ॲडमिनच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ ला निकाल दिलाय: दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी ॲडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही, दोघांचं आधीपासून संगनमत असेल तरच प्रश्न येतो. तरी नोटीस फाडू नका, आणि सणापुरतं ‘फक्त ॲडमिन’ करून ठेवा.

वकिलाने म्हणू नये, पण या नोटिसांचा मला राग येत नाही. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण जमावाने ठेचून मारले. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा फोनाफोनी फिरत होती. भिक्षेला आलेली माणसं मंगळवेढ्याकडची होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलता येईल अशी मर्यादा घातली. शहाणपण आलं, पण पाच माणसं गेल्यावर.

साडेआठ

घराच्या पुढच्या खोलीत ऑफिस आहे. तात्या लिंबाचे आडतदार. बरोबर थोरला मुलगा आणि एक पाहुणा, जो कशासाठी आलाय ते शेवटपर्यंत कळलं नाही.

परवा तात्यांचा वाढदिवस झाला. मार्केटच्या ग्रुपवर शुभेच्छा पडत होत्या, आणि त्यातच कुणीतरी त्यांच्या फोटोला हार घालून खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहून टाकलं. टाकणारा चुलतपुतण्या. त्याच्या म्हणण्याप्रमाणे गंमत केली. पण ती गंमत मार्केटच्या ग्रुपमधून सोयऱ्यांच्या ग्रुपमध्ये गेली. दुपारी दौंडहून तात्यांची बहीण रडत फोनवर, आणि चारच्या सुमाराला कर्जतकडचे दोन पाहुणे पांढरे कपडे घालून दारात उभे. तात्या स्वतःच बाहेर गेले. ‘मलाच बघून ते घाबरले ओ,’ ते म्हणतात, आणि मुलाला हसू आवरत नाही. तात्या हसत नाहीत. बांधावरून या पुतण्याशी तीन वर्षं बोलणं बंद आहे.

आपल्याकडे जिवंत माणसाच्या फोटोला हार घालणं हे निव्वळ चेष्टेत बसत नाही. गेल्या काही वर्षांत गल्लीतल्या टोळक्यांनी तर ती धमकीची पद्धतच करून टाकली आहे. एकाच चित्राचे तीन अर्थ निघतात: मित्रांत टवाळी, भाऊबंदकीत अपमान, राजकारणात ‘तुझा नंबर लागलाय’. न्याय संहितेत बदनामीला ३५६ कलम आहे, धाकदपटशाला ३५१. यांतलं कुठलं लागू होईल ते बोटभर रुंदीच्या त्या चित्रावरून ठरत नाही, बांधावरून ठरतं. कायद्याच्या पुस्तकात बांध नाही. तो साक्षीत आणावा लागतो.

‘मूळ मेसेज कुठाय?’

‘त्याने सगळ्यांसाठी डिलीट केला. पण हा बघा स्क्रीनशॉट.’

स्क्रीनशॉट जावयाने काढला, भाच्याला पाठवला, भाच्याने तात्यांना. मी मोठा करून बघते. वर वेळ आहे, सकाळी १०.४२. तारीख नाही. पाठवणाऱ्याचा नंबर दिसत नाही, जावयाच्या फोनमध्ये ज्या नावाने तो जपून ठेवलाय तेच नाव दिसतं: ‘बंडू दुकान’. कोपऱ्यात बॅटरी अकरा टक्के. आता हा बंडू कोण, कुठलं दुकान, आणि दहा बेचाळीस कुठल्या दिवशीचे, हे कोर्टाला कुणी सांगायचं?

‘जावयाचा फोन आणा,’ मी म्हणते.

‘फोन कशाला? फोटो आहे की.’

इथे मला रोज जालना सांगावं लागतं. २०१४ च्या विधानसभेला जालन्यात अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. कैलास गोरंट्याल कोर्टात गेले. तक्रार अशी की उमेदवारी अर्ज दुपारी तीनची वेळ टळल्यावर घेतले गेले. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात कॅमेरे होतेच, चित्रीकरण होतं, वाद राहिला तो त्याबरोबरच्या प्रमाणपत्राचा. २०१७ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने निवडणूक रद्द केली, आणि १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने कायमचा नियम घालून दिला: मूळ यंत्र कोर्टापुढे येत नसेल तर नकलेबरोबर प्रमाणपत्र हवंच, ते द्यायला कुणी तयार नसेल तर कोर्टाकडे अर्ज करून मागवा. आमदारकीचा प्रश्न जिथे या कागदावर अडला, तिथे तात्यांच्या हाराचं काय घेऊन बसलात.

या प्रमाणपत्राचं कलम नव्या साक्ष अधिनियमात ६३ झालं आणि कागद वाढला. प्रमाणपत्राचे दोन भाग. ‘अ’ आपण भरायचा: फोन कुणाचा, कुठल्या कंपनीचा, आयएमईआय काय, तो नीट चालत होता का. ‘ब’ तज्ज्ञाने भरायचा. शिवाय फाइलचं हॅश मूल्य लिहायचं, म्हणजे एक लांबलचक आकडा, फाइलमधला ठिपका जरी हलला तरी बदलणारा. कल्पना उत्तम आहे. पण आमच्या श्रीगोंद्यात तज्ज्ञ म्हणून कुणाला उभं करायचं? स्टँडजवळच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याला स्क्रीन बदलता येते. हॅश म्हटल्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मीच विषय बदलला. पुण्याहून माणूस आणायचा तर त्याच्या फीपुढे तात्यांची नुकसानभरपाई खुजी.

तात्यांना यातलं निम्मंच पटतं. ‘अख्ख्या मार्केटनं बघितलं, मॅडम.’ खरं आहे. गावाचा निकाल परवाच लागला. माझं काम तोच निकाल अशा माणसापुढे उभा करायचं, जो त्या ग्रुपमध्ये नव्हता.

जावई संध्याकाळी येणार असं ठरतं. निघताना पाहुण्याने चहा चांगला होता म्हणून सांगितलं.

अकरा

पुकारा सुरू. पहिली तारीख वाटपाच्या दाव्याची. प्रतिवादी नंबर चार पुण्यात चाकणला कामाला, समन्स दोनदा परत आलेलं. बेलीफ सांगतो, घराला कुलूप, शेजारी नाव सांगायला तयार नाहीत. मी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या प्रतीचा अर्ज देते. दोन निळ्या टिका आहेत.

या निळ्या टिकांना मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१८ मध्येच मान दिला. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीचं प्रकरण, नोटीस पीडीएफ करून पाठवलेली, आणि न्या. गौतम पटेल यांनी नोंदवलं की ती नुसती पोचली नाही, उघडलीही गेली. २०२० मध्ये साथीच्या काळात सर्वोच्च न्यायालयानेही हा मार्ग मोकळा केला. मात्र दिवाणीतली ही सवय फौजदारीत आणायला गेलं की हात पोळतात. २१ जानेवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना बजावलं की चौकशीला हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सॲपवर चालणार नाही, ती हातात द्यावी लागेल. मला हा फरक रास्त वाटतो. वाटपाची नोटीस चुकली तर एक तारीख वाया जाईल, पोलिसांची चुकली तर माणूस आत जाईल.

समोरचे वकील उठतात. निळी टिक म्हणजे कुणीतरी उघडलं. घरातल्या पोराने गेम खेळता खेळता उघडलं नसेल कशावरून? प्रश्न रास्त आहे. आमच्या तालुक्यात एक फोन आणि त्याचे चार मालक हे नवलाचं नाही. कोर्ट म्हणतं, पुन्हा बेलीफ पाठवा, आणि संदेशही. पुढची तारीख.

मधल्या वेळात पोटगीच्या एका कामात आवाजाच्या संदेशांची लेखी प्रत टंकलेखकाकडून तपासून घेते. नवरा-बायकोने एकमेकांचं चोरून केलेलं ध्वनिमुद्रण वैवाहिक वादात पुरावा म्हणून चालेल, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितल्यापासून माझ्याकडे पेन ड्राइव्हची रास लागली आहे. एकेका संसाराची चाळीस-चाळीस मिनिटं. मागे मोटार चालू, कुकरची शिट्टी, आणि मूल ‘मम्मी’ म्हणतंय. टंकलेखकाने शिट्टी आणि मूल दोन्ही वगळलंय. मूल परत लिहायला सांगते. ते समोर असताना काय बोललं गेलं, याला पोटगीत वजन आहे.

दीड

बार रूममध्ये डबा. सगळ्यांत ज्येष्ठ वकील कांदा फोडता फोडता विचारतात, ‘सहासष्ट-अ गेलं त्याला किती वर्षं झाली?’ कुणाच्या तरी जुन्या दोषारोपपत्रात त्यांना ते पुन्हा सापडलंय.

ते कलम आपल्याच राज्यातून गेलं म्हणायला हरकत नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद राहिली, आणि पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर या बंदबद्दल प्रश्न विचारला. दुसरीने ते लाइक केलं. दोघींना अटक झाली. देशभर आरडाओरडा झाला, श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने याचिका केली आणि २४ मार्च २०१५ ला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ घटनाबाह्य ठरलं. तरी पुढे कितीतरी वर्षं ठाण्यांमधून ते लावलं जात राहिलं, इतकं की २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं: या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नका. संगणकातल्या फॉर्ममध्ये ते कलम निवडायला होतं, असं ज्येष्ठांचं म्हणणं. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. कांदा त्यांच्याकडे आहे.

बोलणं स्टेटसवर येतं, कारण साडेतीनला मला त्याच कामासाठी ठाण्यात जायचंय. स्टेटस चोवीस तासांत जातं, खटला दहा वर्षं राहतो. नागपूर खंडपीठापुढे जुलै २०२३ मध्ये आलेलं प्रकरण मला विशेष वाटतं. आरोपीने स्टेटसला नुसता एक प्रश्न ठेवला आणि गूगलवर शोधून बघा म्हणाला. फिर्यादीने शोधलं, आणि जे दिसलं त्याने त्याच्या धर्मभावना दुखावल्या. म्हणजे दुखावणारा मजकूर आरोपीचा नव्हताच, शोधयंत्राने पुढे केलेला होता. तरी कोर्टाने गुन्हा रद्द केला नाही. स्टेटस ठेवायचं ते लोकांनी बघावं म्हणूनच, तेव्हा जबाबदारीने ठेवा, असा त्याचा रोख.

याच्या उलट कोल्हापूरचं. हातकणंगल्याच्या हद्दीत एका प्राध्यापकाने ५ ऑगस्ट हा जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस असं स्टेटस ठेवलं, आणि १४ ऑगस्टच्या पाकिस्तानला शुभेच्छा दिल्या. उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द करायला नकार दिला. ७ मार्च २०२४ ला सर्वोच्च न्यायालयात न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांनी तो रद्द केला. तिथे लावलेली मोजपट्टी स्वातंत्र्याच्याही आधीची, न्या. व्हिव्हियन बोस यांनी नागपूर उच्च न्यायालयात घालून दिलेली: शब्दांचा परिणाम बघायचा तो खंबीर, समंजस माणसावर, प्रत्येक वाक्यात वैर हुंगणाऱ्या कच्च्या मनाच्या माणसावर नाही. ‘तमस’ मालिका बंद करा म्हणून १९८८ मध्ये याचिका आली, तेव्हाही हीच पट्टी वापरली होती.

‘तो खंबीर माणूस आमच्या ग्रुपमध्ये कधी नसतोच,’ धाकटा सहकारी म्हणतो. सगळे हसतात. पण मला वाटतं, असतो. तो वाचून पुढे जातो, म्हणून त्याचा स्क्रीनशॉट कुणाकडे नसतो. कोर्टापुढे कायम दुखावलेलाच माणूस येतो, आणि त्याच्यावरून ग्रुप कसा आहे ते ठरवलं जातं.

साडेतीन

पोलीस ठाणे. मुलगा एकोणीस वर्षांचा, आयटीआयचा. त्याने एका इतिहासपुरुषाच्या चित्राची रील बनवून स्टेटसला ठेवली. चित्रावरून कुणाची तक्रार नाही, मागच्या गाण्यातल्या एका ओळीवरून आहे. ती दुसऱ्या समाजाला लागते. मुलगा म्हणतो, गाणं ॲपनेच वर दाखवलं होतं, ट्रेंडिंगला होतं, पंधरा सेकंदांचा तुकडा आपोआप लागला. पूर्ण गाणं त्याने ऐकलेलंच नाही. मला हे खरं वाटतं. पण तक्रारदारालाही मी खोटं म्हणणार नाही. त्याने ते गाणं मिरवणुकीत, मशिदीसमोर, आवाज वाढवून लावलेलं ऐकलंय. त्याच्या कानात ती ओळ एकटी येत नाही.

न्याय संहितेच्या १९६ कलमात हेतू लागतो. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकाच्या प्रकरणात २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुन्या १५३-अ बद्दल हेच सांगितलं: हेतू हवा, आणि मजकूर अखंड वाचायचा, सुटी वाक्यं उचलून नाही. पुस्तक अखंड वाचता येतं. पंधरा सेकंदांच्या रीलमध्ये अखंड म्हणजे काय? मुलाचं पूर्ण खातं? की ज्या वर्षी ती ठेवली ते वर्ष? जून २०२३ मध्ये कोल्हापुरात स्टेटसवरूनच दगडफेक होऊन इंटरनेट बंद करावं लागलं, तेव्हापासून अधिकाऱ्यांचाही एक कान रस्त्याकडे असतो. आणि हे श्रीगोंदं आहे. मुसलमान घरात जन्मून मराठीत ‘योगसंग्राम’ लिहिणारे, वारकऱ्यांनी संत मानलेले शेख महंमद महाराज इथलेच. त्यांच्या स्थानाला मंदिर म्हणायचं की दर्गा, यावरून अलीकडे गावात आंदोलनंही झाली. इथल्या अधिकाऱ्याने घाबरून वागावं असं मी म्हणत नाही, पण तो का घाबरतो ते मला कळतं.

नोटीस हातात दिली जाते, सही घेतली जाते. मग फोन. जप्तीचं चित्रीकरण आता सक्तीचं, म्हणून एक शिपाई दुसऱ्या फोनने या फोनचं चित्रीकरण करतो. पॅटर्न काय, विचारतात. मुलगा माझ्याकडे बघतो. फोन कागदात गुंडाळून, दोऱ्याने बांधून, लाखेचं सील लावून मुद्देमालात जातो. मुलाची आई लिंबं तोडायला जाते. ती एवढंच विचारते, ‘बाई, हप्ता चालूच राहील का?’ फोन हप्त्यावर घेतलाय. चालूच राहील, असं सांगावं लागतं.

साडेपाच

ऑफिसला परत येते तर पायरीवर काष्टीचे एक बाबा. भाच्याच्या नंबरवरून पीएम किसानची म्हणून फाइल आली, शेवटी ‘एपीके’. भाच्याने पाठवली म्हणून उघडली. भाच्याचा फोन आधीच दुसऱ्याच्या ताब्यात होता. मी काही विचारायच्या आत सायबर फसवणुकीचा १९३० लावून देते. पैसे कुठल्या खात्यात अडकवता आले तर पहिल्या काही तासांतच येतात. बाबा तक्रारीत भाच्याचं नाव घालायला तयार नाहीत. ‘पाहुण्याचं नाव कसं लिहायचं?’ नंबर लिहितो, नाव नाही, असं म्हणून समजूत काढली.

आठ

तात्या, मुलगा, जावई, आणि पुतण्या. पुतण्याला मार्केट कमिटीतले एक वडीलधारे घेऊन आलेत. जावयाचा फोन टेबलावर. ‘बंडू दुकान’चा नंबर उघडून दाखवला गेला, पुतण्याचाच निघाला. त्याने नाकारलंही नाही.

मी दोघांनाही सांगते की खासगी फिर्याद करता येईल, आणि त्यात किती तारखा जातील. मग वडीलधारे बोलायला लागतात आणि मी लिहायला. बांधाची मोजणी दिवाळीनंतर दोघांच्या खर्चाने. माफी त्याच मार्केटच्या ग्रुपवर. तात्यांची मागणी, सोयऱ्यांच्या ग्रुपवरही. पुतण्या म्हणतो, मी त्या ग्रुपमध्ये नाही, मला काढलंय. कुणी काढलं? तात्यांच्या मुलाने, तीन वर्षांपूर्वी. मग माफी मागण्यासाठी आधी त्याला परत घ्यावं लागणार. यावर बराच वेळ गेला. शेवटी मुलाने फोन काढून त्याला ग्रुपमध्ये घेतलं. पुतण्याने तिथेच बसून टाइप केलं, वडीलधाऱ्यांनी चष्मा लावून दोन शुद्धलेखनाच्या चुका काढल्या. पाचशेच्या मुद्रांकावर सह्या झाल्या. शंभरचा बंद झाल्यापासून समेटही महागलाय.

माणसं उठली. जावयाला थांबवून सांगितलं, हा फोन विकू नका, रीसेट करू नका, तो स्क्रीनशॉट जसा आहे तसा राहू द्या. अशा गुन्ह्याला तीन वर्षांची मुदत असते. उद्या मोजणीवरून पुन्हा बिनसलं तर हाच लागेल.

‘तीन वर्षं?’ जावई म्हणाला. ‘मॅडम, दिवाळीला हा एक्स्चेंजमध्ये देणारे मी. पैसे पण भरलेत.’

तात्यांनी खिशात हात घातला आणि कितीला घेतात ते विचारलं.